पोवळ्याची साक्ष : सांगाड्यावरून ओळख कशी पटवावी

बुलढाणा जिल्ह्यांतील वरवट बकाल हें गांव समुद्रापासून सुमारें ४०० किलोमीटर दूर आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस पूर्णा नदी आणि मध्यें कपाशीची काळी जमीन, असा हा मुलूख. येथील मनुष्यास समुद्र दिसतो तो क्वचित्, यात्रेच्या निमित्तानें किंवा मुलाच्या नोकरीच्या गांवीं गेल्यावर. तरीसुद्धां समुद्राची एक वस्तु या मुलुखांतील घरांत पिढ्यान्‌पिढ्या येऊन बसलेली आहे. कोणाच्या बोटांत मंगळाच्या शांतीसाठीं घातलेलें पोवळें असतें. वैद्याच्या बरणींत प्रवाळभस्म असतें. आणि कोंकणची सफर करून आलेल्या एखाद्या बिऱ्हाडाच्या फडताळांत छिद्राछिद्रांचा एक पांढरा गोटा ठेवलेला असतो. याशिवाय शेतांत अथवा नाल्यांत सांपडलेला, फुलासारखी नक्षी असलेला एखादा दगडहि ‘हें जुनें पोवळेंच’ म्हणून आल्यागेल्यास कौतुकानें दाखविला जातो.

या सर्वांस लोकांनीं नांव एकच दिलें आहे; वस्तु मात्र एक नव्हे. आंगठींतील खडा व बरणींतील भस्म हीं एका कुळांतलीं, फडताळांतील गोटा अगदीं निराळ्या कुळांतला, आणि शेतांतला दगड बहुतकरून कोणत्याच कुळांतला नाहीं. नांव चुकलें म्हणून काय बिघडलें, असें कोणी विचारील. बिघडतें तें असें. रीफ बांधणारें दगडी पोवळें उबदार, उथळ व खाऱ्या समुद्रांतच वाढतें. त्याचा अवशेष जेथल्या मूळच्या खडकांत सांपडेल तेथें कधीं काळीं तसा समुद्र होता, याविषयीं शंका राहत नाहीं. पूर्णेच्या खोऱ्यांत खारपाणपट्टा आहे. पुष्कळ विहिरींचें पाणी खारट लागतें. त्यावरून ‘येथें पूर्वीं समुद्र होता’ असा तर्क करणें सोपें आहे. परंतु ज्या जमिनींतून पाण्याचा निचरा नीट होत नाहीं आणि ऊन कडक असतें, तेथें क्षार सांचण्यास समुद्राची गरज नसते. तेव्हां तर्कास साक्षीदार पाहिजे. आणि साक्षीदार उभा करण्यापूर्वीं त्याची ओळख पटली पाहिजे.

पोवळें हा मुळांत प्राणी आहे, ही गोष्टच जगास फार उशिरां पटली. अठराव्या शतकाच्या आरंभीं मार्सिली नांवाच्या इटालियन सरदारानें ताजें तांबडें पोवळें समुद्राच्या पाण्यांत ठेवून पाहिलें. त्याच्या फांद्यांवर आठ पाकळ्यांचीं पांढरीं फुलें उमललेलीं दिसलीं. म्हणून पोवळें ही वनस्पति होय असा त्यानें निर्णय केला. पुढें १७२० नंतरच्या दशकांत पेसोनेल या फ्रेंच वैद्यानें तींच फुलें निरखून पाहिलीं, आणि तीं फुलें नसून लहान लहान प्राणी आहेत असें पॅरिसच्या विद्वानांस कळविलें. रेओम्यूर या त्या काळच्या थोर शास्त्रज्ञास हें इतकें विलक्षण वाटलें, कीं बिचाऱ्याची चेष्टा होऊं नये म्हणून त्यानें पेसोनेलचें नांव न घेतांच तें मत सभेपुढें मांडलें. १७४० नंतर ट्रेंब्ले यानें गोड्या पाण्यांतील हायड्रा या प्राण्याचे प्रयोग केले, तेव्हां वनस्पतीसारखे दिसणारे प्राणी असूं शकतात हें सर्वांस कळलें आणि पेसोनेलला न्याय मिळाला.

हा प्राणी म्हणजे एक मऊ नळकांडें. वर तोंड, तोंडाभोंवतीं बोटांसारख्या अवयवांचें कडें, आणि खालीं तळ. तळाची त्वचा समुद्राच्या पाण्यांतील चुना घेऊन त्याचें बैठकीसारखें घर बांधते. या घराचा आकार लहानशा वाटीसारखा असतो. एका जीवास अंकुर फुटून दुसरा होतो, दुसऱ्यापासून तिसरा; आणि अशा शेंकडों, हजारों वाट्या एकमेकींस चिकटून मोठा गोटा, पापुद्रा किंवा फांदी तयार होते. जीव मेला म्हणजे मांस कुजून जातें आणि मागें राहतो तो सांगाडा. फडताळांतील पांढरा गोटा म्हणजे असें एक ओसाड पडलेलें नगर होय.

आतां या ओसाड घराची रचना पाहावी. वाटीच्या भिंतीपासून मध्याकडे चुन्याच्या पातळ उभ्या पडद्या गेलेल्या असतात, जशा संत्र्याच्या फोडींमधील पापुद्रे. जिवंतपणीं प्राण्याच्या पोटांत मांसाचे उभे पडदे असतात, आणि त्यांच्या मधल्या जागेंत तळाची त्वचा वर दुमडली जाऊन त्या घडींत चुना सांचतो. म्हणजे चुन्याची पडदी हा प्राण्याच्या देहरचनेचाच ठसा आहे. दगडी पोवळ्याची देहरचना सहाच्या हिशेबानें चालते. म्हणून पडद्याहि सहाच्या हिशेबानें येतात. प्रथम सहा, त्यांच्या मध्यें आणखी सहा, मग बारा, मग चोवीस. आधीं आलेल्या पडद्या लांब व जाड, मागून आलेल्या आखूड व बारीक. वाटी, वाटींत पडद्या, आणि पडद्यांना सहाचा हिशेब: दगडी पोवळ्याची ही पहिली खूण.

या खुणेवर आंगठींतला खडा पारखून पाहिला तर तो तात्काळ बाद होतो. भूमध्यसमुद्रांतील तांबड्या पोवळ्याच्या प्राण्यास आठ बोटें असतात. त्याचा सांगाडा म्हणजे भरीव, तांबडी दांडी. तिच्यांत वाट्याहि नाहींत आणि पडद्याहि नाहींत. म्हणूनच ती घांसून गुळगुळीत होते आणि सोनारास हवी तशी कापतां येते. रत्न म्हणून त्याची जी काय किंमत असेल ती असो. परंतु समुद्रांत बेटें व भिंती उभारणारें जें दगडी पोवळें, त्याचा तो केवळ दूरचा भाऊबंद आहे.

शेतांतल्या दगडाची परीक्षा थोडी अधिक मनोरंजक आहे. सातपुड्याचा व अजिंठ्याच्या डोंगरांचा या भागांतील काळा खडक हा सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्हाचा आहे. तो लाव्हा थिजत असतां वायूच्या बुडबुड्यांनीं त्यांत पोकळ्या राहिल्या, आणि पुढें त्या पोकळ्यांत पाण्यानें आणलेलीं खनिजें भरून बसलीं. कोठें अकीक व गारगोटी, कोठें झिओलाइट वर्गाचे सुईसारखे स्फटिक. हे स्फटिक एका बिंदूपासून चोहोंकडे पसरतात, तेव्हां पोवळ्याच्या वाटींतील पडद्यांचा हुबेहूब भास होतो.

भास दूर करण्यास तीन साध्या कसोट्या आहेत. पहिली कठिणपणाची: गारगोटी व अकीक कांचेवर ओरखडा काढतात, चुन्याचें पोवळें काढीत नाहीं. दुसरी आम्लाची: शाळेच्या प्रयोगशाळेंतील पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडाचा एक थेंब टाकला असतां चुना फसफसतो, गारगोटी स्वस्थ बसते. परंतु या दोन कसोट्या पुरेशा नाहींत. जमिनींतील साधी चुनखडीहि फसफसते. आणि उलट कोट्यवधि वर्षें पुरून राहिलेल्या खऱ्या पोवळ्यांत चुन्याची जागा कधीं कधीं गारेनें घेतलेली असते, मग तें आम्लास दाद देत नाहीं. म्हणून शेवटचा निकाल रचनेनेंच लागतो. स्फटिकाच्या सुया कोठल्याहि बिंदूपासून निघतात, कमीजास्त लांबीच्या असतात, त्यांना भिंत नसते आणि मोजदाद नसते. पोवळ्याच्या वाट्या शेजारीं शेजारीं, जवळजवळ एकाच मापाच्या, आणि प्रत्येकींत तोच पडद्यांचा हिशेब. निसर्गानें केलेलें स्फटिकाचें फूल व प्राण्यानें बांधलेलें घर यांत हा भेद आहे.

या बाबतींत केवळ गांवकरीच फसतो असें नाहीं. वरवट बकालहून सुमारें २५० किलोमीटरांवर, नर्मदेच्या खोऱ्यांत, धार जिल्ह्यांत बाघ नांवाचें गांव आहे. तेथील लेण्यांमुळें तें नांव सर्वपरिचित आहे. त्या भागांत सुमारें ९ ते १० कोटि वर्षांपूर्वींच्या समुद्रांत सांचलेले चुनखडीचे थर आहेत. त्यांतील एका थरास एकोणिसाव्या शतकांतील भूगर्भशास्त्रज्ञांनीं ‘कोरलाइन लाइमस्टोन’, म्हणजे पोवळ्यासारखा चुनखडक, असें नांव दिलें. कारण तो बारीक बारीक फांद्यांच्या व छिद्रांच्या तुकड्यांनीं भरलेला आहे. नांव रूढ झालें. परंतु भिंगाखालीं पाहतां त्या छिद्रांत पडद्या नाहींत! तीं घरें पोवळ्याचीं नसून ब्रायोझोआ नांवाच्या निराळ्याच सूक्ष्म प्राण्यांचीं आहेत. हे प्राणीहि वसाहत करून राहतात आणि चुन्याचीं घरें बांधतात. पण त्यांचीं घरें म्हणजे साध्या नळ्या. तेथें समुद्र होता हें अनुमान त्यामुळें ढळत नाहीं, कारण त्याच थरांत शिंपले व इतर समुद्रजीवहि सांपडतात. परंतु नुसत्या नांवावरून तेथें पोवळ्यांच्या भिंती होत्या असें जो मानील, तो नसलेली गोष्ट इतिहासांत घालील. छिद्रें मोजून भागत नाहीं. छिद्राच्या आंत काय आहे तें पाहावें लागतें.

आतां राहिला तो कोंकणचा पांढरा गोटा. हा मात्र खरा दगडी पोवळ्याचा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पोवळीं आहेत हें पुष्कळांस ठाऊक नसतें. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील कासिम व वफर या शास्त्रज्ञांनीं १९७९ सालीं रत्नागिरी, मालवण इत्यादि ठिकाणच्या जिवंत पोवळ्यांची नोंद प्रसिद्ध केली. शिवाजीमहाराजांनीं बांधविलेला सिंधुदुर्ग ज्या खडकाळ समुद्रांत उभा आहे, त्याच समुद्रांत हीं पोवळीं वाढतात. विजयदुर्गाच्या पश्चिमेस १०० किलोमीटरांहून अधिक अंतरावर खोल समुद्रांत एक बुडालेलें पठार आहे. तेथेंहि पोवळीं आहेत, आणि त्या पठाराचें आंग्रिया हें नांव मराठ्यांच्या आरमाराच्या आंगरे घराण्यावरून पडलेलें आहे.

किनाऱ्यालगतचें कोंकणचें पाणी नितळ नव्हे. पावसाळ्यांत नद्या गाळ आणतात. म्हणून तेथें नाजूक फांद्यांच्या जातींपेक्षां गाळ सोसणाऱ्या, गोट्यासारख्या किंवा पापुद्र्यासारख्या जातींचें प्राबल्य आहे. या जाति वरून पाहतां एकसारख्या दिसतात, आणि येथेंच सांगाड्याचें वाचन उपयोगीं पडतें. त्यासाठीं लागणारें साहित्य थोडें: दसपट मोठें दाखविणारें भिंग आणि एका बाजूनें येणारा प्रकाश. प्रकाश तिरपा असला म्हणजे पडद्यांच्या सावल्या पडतात आणि वाटी बोलूं लागते.

प्रथम वाटीचें माप व तिचे शेजाऱ्यांशीं संबंध पाहावे. वाट्या नळीसारख्या वर आलेल्या आणि खालीं सपाट पत्रा असेल तर ती टर्बिनेरिया ही प्रजाति. वाट्या लहान, गोल व एकमेकींपासून अलग असून मधल्या जागेवर बारीक कणांचा खरखरीतपणा असेल तर सायफॅस्ट्रिया. शेजाऱ्यांची भिंत सामाईक, चाळींतल्या खोल्यांसारखी, असेल तर गोनिॲस्ट्रिया किंवा फॅव्हाइटीज. या दोघींतील भेद असा, कीं गोनिॲस्ट्रियाच्या वाटींत मध्यभागाभोंवतीं खुंट्यांचें सुबक कडें असतें. फॅव्हाइटीजमध्यें तें अस्पष्ट असतें किंवा नसतेंच. सामाईक भिंत आहे, परंतु पडद्या सरळ मध्यापर्यंत न जातां पंख्याच्या काड्यांप्रमाणें एकमेकींस मिळाल्या आहेत आणि त्यांच्या कडेला करवतीसारखे बारीक दांते आहेत, असें दिसलें तर ती स्यूडोसिडरॅस्ट्रिया. हें नांव याबे व सुगियामा या जपानी पंडितांनीं १९३५ सालीं दिलें. सिडरॅस्ट्रिया या दुसऱ्या प्रजातीशीं तिचें साम्य इतकें, कीं ‘भासमान’ या अर्थाचा उपसर्ग तिच्या नांवांतच घालावा लागला.

आणि वाट्या अतिशय लहान, सुमारें एक ते दीड मिलिमीटरच्या असतील, तर तो गोटा बहुधा पोराइटीजचा. येथें पडद्या नेमक्या बारा. त्यांची मांडणी मोठी विचित्र आहे: एका बाजूस एक एकटी पडदी, तिच्या समोर तिघींचा गट, आणि दोन्ही अंगांना मिळून चार जोड्या. एक, तीन व आठ मिळून बारा. गोनिओपोरा ही तिची जवळची नातलग; तिच्यांत पडद्या चोवीस. पोराइटीजच्या दोन सर्वसामान्य जाति लुटीया व लोबाटा यांचा निवाडा त्या तिघींच्या गटावर होतो. लुटीयामध्यें त्या तिघी आंतल्या टोकाशीं जोडलेल्या असतात, आणि सामान्यतः पांच उंच खुंट्या दिसतात: चार जोड्यांच्या चार व या गटाची एक. लोबाटामध्यें तिघींचीं टोकें मोकळीं असतात आणि खुंट्या लहान, बहुधा आठ. मोहरीच्या दाण्याएवढ्या जागेंत हा सारा कारभार आहे!

हा नियम सांगण्यास सोपा वाटला तरी प्रत्यक्षांत पंडितांनाहि घाम फुटला आहे. मिल्न-एडवर्डस् व हेम या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सांगाड्याच्या आधारें दगडी पोवळ्यांचें वर्गीकरण घालून दिलें. परंतु एकच जात लाटांच्या माऱ्यांत ठेंगणी व दाट होते, शांत पाण्यांत पसरते, अंधारांत चपटी होते. पोराइटीजच्या नमुन्यांची यादी करीत असतां ब्रिटिश म्युझियममधील बर्नार्ड इतका त्रासला, कीं १९०५ सालच्या आपल्या ग्रंथांत जातींस नांवें देण्याचेंच सोडून त्यानें नमुन्यास स्थळाचें नांव व क्रमांक देण्याची रीत पत्करली. पुढें विसाव्या शतकाच्या अखेरीस आनुवंशिक द्रव्याची परीक्षा होऊं लागली, तेव्हां सांगाड्याच्या साम्यावरून एकत्र बसविलेलीं कांहीं कुळें विभागावीं लागलीं. हिंदी व पॅसिफिक महासागरांतील ज्या जातींस फेव्हिया म्हणत, त्या अटलांटिकमधील फेव्हियाच्या सख्ख्या नव्हत असें ठरून २०१२ सालीं त्यांना डिप्सॅस्ट्रिया हें निराळें नांव मिळालें. तथापि सांगाडा खोटा ठरला असें नव्हे. पडद्यांच्या कडेचे दांते व त्यांची सूक्ष्म घडण सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली असतां ती पुष्कळ अंशीं नव्या परीक्षेशीं जुळते. बाह्य आकार फसवितो. बारकावे क्वचितच फसवितात.

एवढी चिकित्सा करून साधतें काय, याचें उत्तर आज पूर्वींपेक्षां अधिक गंभीर झालें आहे. पोवळ्याच्या शरीरांत सूक्ष्म शैवाल राहतें. तेंच त्यास रंग देतें आणि त्याच्या अन्नाचा मोठा भाग पुरवितें. पाणी नेहमींपेक्षां फार तापलें तर हें शैवाल निघून जातें, पारदर्शक मांसांतून आंतील पांढरा सांगाडा दिसूं लागतो, आणि ताप लांबला तर प्राणी उपासमारीनें मरतो. १९९८ सालीं हिंदी महासागरांत असा मोठा संहार झाला. सर्व जाति सारख्या मरत नाहींत. फांद्यांची ॲक्रोपोरा सहसा लौकर जाते. गोट्यासारखी पोराइटीज पुष्कळदां तग धरते. म्हणून ‘पोवळीं मेलीं’ एवढीच नोंद करणें म्हणजे सांथीच्या वेळीं ‘माणसें मेलीं’ एवढेंच लिहून ठेवण्यासारखें आहे. कोण गेलें व कोण उरलें हें लिहिलें तरच पुढील उपाय सुचतो; आणि तें लिहिण्यास नांव बरोबर पाहिजे.

मालवणचा सागरी भाग १९८७ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झाला. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत २००१ सालीं रीफ बांधणाऱ्या सर्व दगडी पोवळ्यांचा समावेश झाला. म्हणजे कायद्यानें त्यांस वाघाच्या पंगतीस बसविलें. तेव्हां ओळख पटविण्याच्या हौसेनें कोणी समुद्रांतून नवा तुकडा तोडून आणूं लागला, तर तें शास्त्र नव्हे आणि कायद्यासहि धरून नव्हे. ओहोटीच्या वेळीं जें दिसेल तें जागच्या जागीं पाहावें, त्याचें जवळून छायाचित्र घ्यावें, माप कळावें म्हणून शेजारीं एखादें नाणें ठेवावें आणि वस्तु जेथल्या तेथें सोडावी. अभ्यासासाठीं कॉलेजांच्या व संग्रहालयांच्या कपाटांतील जुने नमुने पुष्कळ आहेत.

त्या जुन्या नमुन्यांतील बहुतेकांची उणीव मात्र एकच असते. सांगाडा सुस्थितींत असतो, वाट्या स्वच्छ असतात, पडद्या मोजतां येतात. पण तो कोठून व कोणत्या सालीं आणला हें कोठेंच लिहिलेलें नसतें. जात कोणती तें दगड सांगतो. गांव व दिवस मात्र माणसानेंच लिहून ठेवावा लागतो. वरवट बकालच्या नाल्यांतला दगड असो कीं मालवणच्या किनाऱ्यावरील छायाचित्र असो, त्याच्याबरोबर स्थळ व तारीख यांची एक चिठ्ठी असली तर पन्नास वर्षांनीं पाहणारास ती साक्ष म्हणून उपयोगीं पडेल. चिठ्ठी नसली तर ती नुसती शोभेची वस्तु राहील.